दहा पॉइंट, एक तलाव आणि आपली धावती सहल

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या बेलापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो, 'यंदा कुठं?' आणि माणसं परत आली, की दुसरा, 'काय काय पाहिलं?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा यादीच्या रूपानं मिळतं. अमुक किल्ला, तमुक मंदिर, एक धबधबा, एक तलाव, सूर्यास्ताचा पॉइंट. यादी जितकी लांब तितकी सहल चांगली, असा आपला एक समज झाला आहे. आज मला बोलायचं आहे ते या धावत्या सहलीबद्दल. ती मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही. नोकरदार माणसाला सलग दोन दिवस मिळाले तरी खूप. पण त्या दोन दिवसांतून पदरात काही पडावं, यासाठी काय करता येईल, याचा विचार करू.

आधी गावाचा खुलासा करतो. बेलापूर म्हटलं की अनेकांना नवी मुंबईतलं बेलापूर आठवतं. आमचं बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरा नदीच्या काठचं. दौंड-मनमाड मार्गावर बेलापूर नावाचं स्टेशन आहे, पण ते श्रीरामपूर शहरात आहे. तिथं उतरून आमच्या गावाला यायला आणखी काही किलोमीटर यावं लागतं. माझी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. त्यामुळे शाळेच्या आणि घरच्या अशा दोन्ही सहली आखण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आलं.

माझी पुतणी परदेश सहलीच्या एका जत्थ्याबरोबर इटलीला जाऊन आली. मिलान शहर आणि कोमो सरोवर, दोन दिवसांत. तिनं सगळं हौसेनं सांगितलं. मग म्हणाली, "काका, फोटो खूप आहेत, पण कुठला फोटो कुठला हे आता मलाच सांगता येत नाही." हे काही इटलीचंच वैशिष्ट्य नाही. आपल्याकडे नगर शहर आणि भंडारदरा अशी दोन दिवसांची सहल करून आलेल्या माणसाचंही असंच होतं. एक शहर आणि एक तलाव, असा हा जोड सगळीकडे लोकप्रिय आहे. पहिल्या दिवशी इतिहास, दुसऱ्या दिवशी पाणी आणि हिरवाई. म्हणून हीच सहल मी उदाहरणाला घेतो.

प्रथम साधं गणित करू. सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला मुक्कामी पोचायचं, म्हणजे हातात बारा तास. त्यातले दोन तास चहा, नाश्ता आणि जेवणाचे. दहा ठिकाणं पाहायची असतील, तर गाडीचा प्रवास सहज चार तासांचा होतो. राहिले सहा. आता प्रत्येक ठिकाणी गाडी लावणं, सगळ्यांनी उतरणं, कुणाची चप्पल, कुणाची पाण्याची बाटली, तिकिटाची रांग आणि परत सगळ्यांना गोळा करणं, यात पंधरा मिनिटं जातात. दहा ठिकाणांचे झाले अडीच तास. उरले साडेतीन तास, म्हणजे दोनशे दहा मिनिटं. दहा ठिकाणांना वाटली, तर एका ठिकाणाच्या वाट्याला एकवीस मिनिटं येतात. त्यातली दहा फोटोत जातात.

आता तीच ठिकाणं निम्मी करा. प्रवास तीन तासांवर येतो, चढउतारात सव्वा तास जातो. जेवणाचे दोन तास तेवढेच. उरतात पावणेसहा तास, म्हणजे एका ठिकाणाला एक तासाहून अधिक. ठिकाणं निम्मी झाली, पण प्रत्येक ठिकाणचा वेळ तिप्पट झाला. हे गणित मी मुलांकडून फळ्यावर सोडवून घेत असे. त्यानंतर यादीतून काय गाळायचं यावर वर्गात जे भांडण होई, ती सहलीची खरी तयारी असे.

पण नुसती ठिकाणं कमी करून भागत नाही. राहिलेली ठिकाणं एकमेकांशी बांधणारा धागा हवा. धागा नसेल तर पाच ठिकाणंही सुटी सुटीच राहतात. मिलान आणि कोमोचंच पाहा. मिलानचं भव्य कॅथेड्रल, म्हणजे दुओमो, बांधायला १३८६ मध्ये सुरुवात झाली. त्याचा गुलाबी छटेचा संगमरवर कांदोलिया इथल्या खाणीतला. तो तराफ्यांवरून माज्जोरे सरोवरात, तिथून तिचिनो नदीत आणि नदीतून काढलेल्या नाविलिओ ग्रांदे या कालव्यानं शहरात आणला गेला. हा कालवा खोदायला बाराव्या शतकात सुरुवात झाली होती. पुढं कोमो सरोवरातून निघणाऱ्या आद्दा नदीवरूनही दुसरा कालवा मिलानकडे आणला गेला. म्हणजे डोंगरातली सरोवरं आणि सपाटीवरचं शहर पाण्यानं जोडलेलं आहे. पहिल्या दिवशी दुओमो पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी सरोवर, या दोन गोष्टी तिथल्या माणसाच्या मनात वेगळ्या नाहीतच. पाहुण्याला मात्र हे कुणी सांगत नाही.

आपल्या नगर-भंडारदरा सहलीलाही नेमका हाच धागा आहे, पाण्याचा. तो हातात धरून निघालं, की काय पाहायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरतं.

पहिला दिवस नगरचा. शहराचं अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. बोलण्यात आम्ही पूर्वीपासून नुसतं नगरच म्हणतो. मलिक अहमद निजामशहानं १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली आणि त्याच दशकात हे शहर वसवलं. मुलांना काळाची कल्पना यावी म्हणून मी एक गोष्ट सांगत असे. ज्या वर्षांत सीना नदीजवळ या शहराची आखणी चालू होती, त्याच वर्षांत तिकडे मिलानमध्ये लिओनार्दो दा विंची एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर 'लास्ट सपर' हे चित्र काढत होता. त्या चित्रासमोर आज पाहुण्यांना गटागटानं पंधरा मिनिटंच उभं राहू देतात आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. आपल्या वास्तूंसमोर तुम्ही तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. ही केवढी सोय आहे, याचा आपण विचार करत नाही.

नगरमध्ये पहिला क्रमांक भुईकोट किल्ल्याचा. सुरुवातीला हा मातीचा होता. हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर तो दगडी केला. किल्ला जवळजवळ गोल आहे आणि भोवती रुंद खंदक आहे. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो, भुईकोटाला खंदक राखतो, हे इथं उभं राहिलं की न सांगता कळतं. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याला चांदबिबीनं इथूनच तोंड दिलं. १६०० मध्ये ती मारली गेली आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, तो इंग्रजांसाठी घेतला. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथं आणून ठेवलं गेलं. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिला. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावं आणि प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

किल्ल्यानंतर बहुतेक गाड्या रणगाडा संग्रहालयाकडे वळतात. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय मुलांना फार आवडतं आणि ते जरूर दाखवावं. पण पाण्याचा धागा धरून जायचं असेल, तर त्यानंतर फराहबाग गाठा. चौकोनी मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, अशी ही वास्तू आहे. तिचं काम १५८३ च्या सुमारास पुरं झालं. दगड, चुना आणि उंच कमानी. आज तिची पडझड झालेली असली, तरी तलावाच्या मध्यभागी महाल का बांधला असेल, हे नगरच्या उन्हाळ्यात तिथं गेलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता प्रश्न असा, की वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात तलाव भरायला पाणी आणलं कुठून? याचं उत्तर जमिनीखाली आहे. निजामशाहीत शहराभोवतीच्या उंचावरच्या गावांतून, कापूरवाडी, वडगाव, पिंपळगाव, भिंगार अशा ठिकाणांहून, खापरी नळांनी पाणी शहरात आणलं होतं. भाजलेल्या मातीचे हे नळ चुन्याच्या बांधकामात पक्के बसवलेले असत. कुठेही पंप नाही, फक्त उतार. उगम उंचावर आणि हौद खाली, मधला उतार अगदी थोडा पण सलग ठेवायचा. हवा कोंडून पाणी अडू नये म्हणून ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवायचे. त्यातूनच गाळही काढता येई. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं पुढं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जो नहर बांधला, तो याच विद्येचा मोठा आविष्कार.

या पाणीयोजनांशी ज्याचं नाव जोडलं जातं, तो निजामशाहीतला मंत्री सलाबतखान. त्याची कबर पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर आहे. तीन मजली, अष्टकोनी, दुरूनही दिसणारी. सगळा जिल्हा तिला 'चांदबिबी महाल' म्हणतो. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. ज्यानं शहराला पाणी दिलं त्याच्या कबरीवर लोकांनी लढणाऱ्या राणीचं नाव लिहिलं. पाणी आणणाऱ्यांच्या नशिबी बहुधा असंच येतं. संध्याकाळी तिथं चढून जावं. सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं आणि पाणी कुठल्या बाजूनं आलं असेल याचा अंदाज जमिनीच्या चढउतारावरून करता येतो. दमडी मशीद आणि बागरोजा या वास्तूही फार देखण्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळी सकाळ ठेवावी. पहिल्या दिवसाला किल्ला, संग्रहालय, फराहबाग आणि हा डोंगर एवढं पुष्कळ झालं.

दुसरा दिवस भंडारदऱ्याचा. इथं आम्हा बेलापूरकरांची एक सोय आहे. आम्हाला फक्त आमच्या नदीच्या उलट दिशेनं जायचं असतं. प्रवरा उगम पावते सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात. तिथून ती भंडारदरा, रंधा, अकोले, संगमनेर, ओझर, कोल्हार करत आमच्या बेलापूरला येते. पुढं नेवाशाला जाते, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. बेलापूरहून कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता धरला, तर तीन-साडेतीन तासांत आपण शेंडीला, म्हणजे धरणाच्या पायथ्याच्या गावाला, पोचतो. हा प्रवास झोपेत घालवण्यासारखा नाही. खिडकीतून दिसणारं पीक पाहत जा.

सुरुवातीला ऊस दिसतो. कालव्याच्या पाण्याचं हे पीक. आमच्या तालुक्यातल्या हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्याच्या भरवशावर. पुढं लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. संगमनेर ओलांडलं की ऊस हळूहळू कमी होतो. अकोल्यानंतर डोंगर जवळ येतात. राजूरच्या पुढं भातखाचरं लागतात. साठ-सत्तर मैलांत आपण कोरडवाहू मुलखातून निघून महाराष्ट्रातल्या अत्यंत पावसाळी भागात आलेलो असतो. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या दहावा हिस्सा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीची भिंत चढताना रिकामे होतात आणि पलीकडे आमच्यापर्यंत येते ती बव्हंशी कोरडी हवा. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, हे पुस्तकात असतं. पण गाडीच्या खिडकीतून ते एका सकाळीत दिसतं.

वाटेत रंधा धबधबा लागतो. सुमारे १७० फुटांवरून प्रवरा खाली झेप घेते. पावसाळ्यात हे दृश्य छाती दडपवणारं असतं. एरवी मात्र रंधा किती कोसळणार, हे वरच्या धरणातून किती पाणी सोडलंय यावर अवलंबून असतं. 'पूर्वीसारखा धबधबा राहिला नाही' म्हणून नाराज होणारी माणसं मी पाहिली आहेत. पाणी सोडण्याचं वेळापत्रक शेतीसाठी आणि विजेसाठी ठरतं, आपल्या सुट्टीसाठी नाही.

मग येतं भंडारदरा धरण. १८७६ पासून १९०० पर्यंत दख्खननं एकामागून एक भयंकर दुष्काळ पाहिले. दुष्काळी भागाला कायमचं पाणी द्यायचं तर जिथं पाऊस पडतो तिथं तो अडवून कालव्यानं खाली आणला पाहिजे, हा विचार त्यातून पुढं आला. १९१० मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणून ते विल्सन धरण. जलाशयाला आर्थर लेक म्हणत. उंची सुमारे २७० फूट, सगळी दगडी. १९६९ मध्ये भिंतीत दोष दिसू लागले, तेव्हा तिला खालच्या बाजूनं भक्कम आधारभिंती देऊन ती मजबूत केली गेली. प्रसिद्ध 'अंब्रेला फॉल' हा धरणाच्या मोरीतून सोडलेल्या पाण्याचा. गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरतं. मोरी बंद असेल तर छत्री नाही.

या धरणाची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. हा आकडा आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. सेकंदाला हजार घनफूट, म्हणजे हजार क्युसेक, या वेगानं पाणी सोडलं तर एक टीएमसी वाहून जायला साडेअकरा दिवस लागतात. कोमो सरोवरात याच्या सुमारे सत्तरपट पाणी आहे. त्याची खोली चारशे मीटरच्या वर आहे आणि ते हिमनद्यांनी कोरलेलं आहे. आपलं तळं माणसांनी दगडावर दगड रचून केलेलं आहे. दर वर्षी ते भरतं आणि दर वर्षी रिकामं होतं. पंधरा ऑगस्टपर्यंत धरण भरावं, अशी आमच्याकडे जुनी अपेक्षा असते. आणि मे महिन्यात तुम्ही गेलात, तर काठाचा उघडा पडलेला तांबडा-करडा पट्टा दिसतो. पाहुण्याला तो कुरूप वाटतो. तो पट्टा म्हणजे आमच्या रब्बीत आणि उन्हाळी आवर्तनात गेलेलं पाणी.

पाण्याचा पुढचा प्रवास असा. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून ओझरच्या जुन्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. डावा कालवा श्रीरामपूर तालुक्याकडे येतो, उजवा राहुरीकडे. वाटेत आता निळवंडे धरण आहे. १९७० मध्ये मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. त्रेपन्न वर्षं! अकोले, संगमनेर, राहाता भागातल्या ज्या कोरडवाहू गावांनी ही वाट पाहिली, त्यांच्या दोन पिढ्या त्यात गेल्या. आणि पाण्याची गोष्ट बेलापूरलाही संपत नाही. खाली पैठणला जायकवाडी आहे, मराठवाडा आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावं लागतं. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ते सोडलं गेलं. तेव्हा आमच्या गावाजवळून प्रवरा भरून वाहत होती आणि काठावरच्या शेतकऱ्याला ते पाणी नुसतं पाहायचं होतं. त्याला वाईट वाटणं साहजिक आहे. पैठणच्या खालच्या शेतकऱ्याची गरजही तितकीच खरी आहे.

इटलीत तरी वेगळं काय आहे? कोमोची पातळी १९४६ पासून आद्दा नदीवरच्या दरवाजांनी राखली जाते. पाणी किती अडवायचं आणि किती सोडायचं, यावर सरोवराकाठचे लोक आणि खालच्या मैदानातले शेतकरी यांच्यात तिथंही ओढाताण असते. २०२२ च्या उन्हाळ्यात पो नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. उत्तर इटलीतल्या पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली आणि सरोवरांची पातळी खूप खाली गेली. चित्रातल्यासारखं दिसणारं सरोवर हे खालच्या शेतीचा रांजण आहे, हे त्या वेळी पाहुण्यांच्याही ध्यानात आलं असेल.

भंडारदऱ्याचा काठ हा आणखी कुणाचा तरी उंबरठा आहे, हे सहलीला जाताना विसरू नये. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच भागातल्या देवगावचे. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. देशी बियाणं राखणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. धरणानं या खोऱ्यातली भातशेती पाण्याखाली गेली आणि पाणी खाली आमच्याकडे आलं. डोळ्यांसमोर तलाव असूनही काठावरच्या वाड्यांतल्या बायाबापड्यांना उन्हाळ्यात हंड्यासाठी चढउतार करावी लागते. आपण बाटलीबंद पाणी पिऊन बाटली तिथंच टाकतो, तेव्हा आपण नेमकं कुणाच्या दारात काय टाकतो, याचा विचार व्हायला हवा. शिवाय ती बाटली पावसात वाहत ज्या पाण्यात जाते, ते पाणी पुढं आपल्याच नळाला आणि आपल्याच शेताला येतं. आम्हा खालच्या लोकांनी तरी तिथं कचरा करणं म्हणजे आपल्याच आडात घाण टाकणं.

काठानं रस्ता आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत परत शेंडी, अशी जलाशयाला प्रदक्षिणा होते. सगळे थांबे घ्यायचा हट्ट धरू नका. माझी निवड विचाराल तर दोन. एक घाटघरचा कोकणकडा. तिथं उभं राहिलं की सह्याद्रीची भिंत म्हणजे काय आणि पाऊस इथंच का, हे एका नजरेत कळतं. दुसरं रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. कोरीव दगडी मंदिर, जवळ पुष्करणी आणि डोक्यावर रतनगड. इथं तासभर निवांत बसा. प्रवरा इथून निघते, एवढं मुलांना सांगा. बेलापूरच्या घाटावर तिनं आपल्याला किती वेळा भेट दिली, हे ती स्वतःच आठवतील. जेवण तिथल्या एखाद्या घरगुती खानावळीत, आधी सांगून घ्यावं. चार पैसे काठावरच्या माणसाला मिळतात आणि तांदळाची भाकरी गरम मिळते.

कधी जावं? भर पावसात शनिवार-रविवारी या रस्त्यांवर गाड्यांची अशी गर्दी होते, की धबधब्यापेक्षा पुढच्या गाडीची पाटीच जास्त पाहावी लागते. जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नका. अरुंद घळीत वरून आलेला लोंढा निसटायला जागा देत नाही. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला इथं काजव्यांचा हंगाम असतो. काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी यांच्या झगमगाटात त्यांना ती हाक दिसत नाही. म्हणून वनखात्याचे नियम पाळा आणि दिवे विझवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग आहे. कळसूबाई शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पण ते बारी गावातून चढायचं, आणि त्यासाठी स्वतंत्र दिवस हवा. दोन दिवसांच्या सहलीत ते कोंबू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. धरण भरलेलं असतं, रस्ते मोकळे असतात आणि भातं हिरवी असतात.

धावती सहल ही वेळेच्या टंचाईतून आली आहे आणि ती टंचाई खरी आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच, की यादी निम्मी करायची, राहिलेल्या ठिकाणांना बांधणारा एक प्रश्न घरूनच सोबत न्यायचा आणि परत आल्यावर 'काय काय पाहिलं' ऐवजी 'कशाचा कशाशी संबंध लागला' असं मुलांना विचारायचं. आमच्या भागात प्रश्न सोपा आहे, हे पाणी कुठून आलं आणि कुठं चाललंय. तुमच्या गावाचा प्रश्न वेगळा असेल. रस्त्याचा असेल, एखाद्या पिकाचा असेल, एखाद्या देवाच्या पालखीच्या वाटेचा असेल. निघण्याच्या आदल्या रात्री पिशव्या भरता भरता तो घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि पिशवीत जागाही लागत नाही.